गोळा नाही, तर गाडी नाही

कंप्युटर शिकवण्यात माझी उभी हयात गेली. या काळात माझ्यासमोर शाळेतली मुलं बसली, बँकेतले साहेब बसले, तलाठी बसले, एकदा एक भटजीबुवाही बसले होते. या सगळ्यांत एकाच माणसाने शेवटपर्यंत माउसला हात लावला नाही, आणि माझी नोकरी मात्र त्याच माणसामुळे पक्की झाली. ते माझे वडील, याकोब साळवे, रेल्वेतले निवृत्त सांधेवाले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बी.एस्सी. होऊन मी नगरला सावेडीतल्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासचे मालक क्षीरसागर सर. एका बंगल्याचा वरचा मजला, चार मशिनं, एक वातानुकूलन यंत्र आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. कंप्युटरला धूळ चालत नाही असं सर सांगायचे, त्यामुळे लोक देवळात शिरावं तसे आत शिरत. एका द्राक्षबागायतदारांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मॅडम, चालू करायला काय, कोनीबी करंल. मला बंद कसं करायचं ते शिकवा. मोटारीचं बी तसंच असतंय." महिनाभर ते फक्त मशीन नीट बंद करायला शिकले आणि समाधानाने गेले. आजही माझे पदवीधर झालेले जुने विद्यार्थी सरळ प्लग उपसतात तेव्हा मला त्या गृहस्थांची आठवण येते.

तर अशा त्या क्लासात एक खेळ होता, रेल्वेचा. सरांच्या पुण्याच्या भाच्याने तो फ्लॉप्यांवर आणून दिला होता. त्या खेळात गाडी तुम्हाला चालवायला मिळत नसे. तुम्ही रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, आणि प्रत्येक गाडीला एक यादी द्यायची: आधी या स्टेशनाला जा, हा माल उतरव, तो माल भर, मग पुढच्या स्टेशनाला जा. एवढं केलं की पुढे गाडी कंप्युटर चालवणार. कुठल्या रुळाने जायचं, कुठे वळायचं, ते त्याचं तोच ठरवणार. मला तो खेळ आवडायचा. दुपारी बारा ते तीन क्लास रिकामा असे, तेव्हा मी दौंड-मनमाड लाइनीचा आमचा तुकडा त्यात बसवला होता. नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव. बाहेरच्यांसाठी सांगते, बेलापूर स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि बेलापूर गाव निराळंच आहे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही.

सरांना हे खेळणं एके दिवशी दिसलं आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. कोपरगाव तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेला शाळेत कंप्युटर विभाग काढायचा होता. संस्थेचे अध्यक्ष ऊस बागायतदार, पंचक्रोशीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचं मत असं की कंप्युटर म्हणजे महागडा टीव्ही, आणि तो शिकवायला बाई कशाला. सर त्यांना म्हणाले, "तात्या, आमचं मशीन माणसाचा हात न लागता गाड्या चालवतं." तात्या म्हणाले, "आपल्या गाड्या? नगर-कोपरगाव? गॅदरिंगला तासभर चालवून दाखवा, कोनी हात लावायचा न्हाई. दाखवलं तर विभाग तुमचा आनि ही बाई आमच्याकडं कायम. न्हाई दाखवलं तर पुन्हा तोंड दाखवू नका."

कायम हा शब्द माझ्या कानांत घंटेसारखा वाजला. मी तीन वर्षं हंगामी होते. दर जूनला सर म्हणायचे, बघू. आबा निवृत्त झालेले, रेल्वेचं क्वार्टर सुटलेलं, आम्ही भिस्तबागेजवळ दोन खोल्यांत राहत होतो. आबांना मला बोलून दाखवायची सवय नव्हती, पण रविवारी चर्चमधून परतताना कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" की ते "शिकवते" एवढंच म्हणायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे.

गॅदरिंगला तीन आठवडे होते. मी हौसेने पाच गाड्या सोडल्या आणि माझ्या नाकी नऊ आले. खरी लाइन एकेरी, म्हणून मीही एकेरीच टाकली होती. एकच रूळ, जाणाऱ्याही गाड्या त्यावरूनच आणि येणाऱ्याही. स्टेशनात मात्र दोन रूळ, म्हणजे तिथे एकमेकींना वाट देता येते. कंप्युटरला हे काही कळेना. त्याला फक्त जवळचा रस्ता कळायचा. नगरहून निघालेली गाडी आणि राहुरीहून निघालेली गाडी, दोघी जवळच्या रस्त्याने निघायच्या आणि मध्यावर समोरासमोर येऊन उभ्या राहायच्या. खेळात सिग्नल होते, पण त्यांना मागून येणारी गाडी दिसायची, समोरून येणारी दिसत नसे. बराच वेळ अडकली की त्यातली एक गाडी चक्क आपल्या आपण उलटी फिरायची आणि मागच्या तिसरीच्या तोंडावर जाऊन उभी राहायची. दहा मिनिटांत सगळी लाइन ठप्प. मी वळणं बदलली, सिग्नल वाढवले, गाड्या कमी केल्या. दोन गाड्या नीट चालायच्या. पण दोन गाड्या तर आमचा शेजारचा मुलगाही चावी देऊन चालवत होता.

आबा रोज दुपारी माझा डबा घेऊन सायकलवर यायचे. चपला बाहेर काढून, पायजम्याला पाय पुसून आत येत, स्टुलावर बसत आणि मी जेवेपर्यंत भिंतीकडे बघत. एक दिवस मी जेवत नव्हते. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं.

"ह्या गाड्या कुठल्या?"

"आपल्याच. ही नगर, ही राहुरी."

"आन ह्या अशा म्हशीवानी बोळात का उभ्या राह्यल्यात?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डायवरला रस्ता कोन देतं?"

"कोणी नाही. तोच ठरवतो."

"डायवर ठरवतो?" आबा स्टुलावरून अर्धे उठले. "मंग सांधेवाला काय करतो?"

"सांधेवाला नाही ह्यात, आबा."

आबांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांचं पेन्शन बंद केलं होतं. "म्हंजी छत्तीस वर्सं आमी तिथं गवत उपटत हुतो व्हय? डायवरला रस्ता इचारायचा नसतो पोरी. रस्ता द्यायचा असतो. तू त्यांना रस्ता निवडाया सांगितला, म्हनून त्या लढत्यात."

आता आबांचं काम काय होतं ते सांगायला हवं. रूळ जिथे फुटतात, तिथे गाडी या रुळावर घ्यायची की त्या, हे ठरवणारी हलती पट्टी म्हणजे सांधा. स्टेशन मास्तरच्या हुकमाने तो सांधा फिरवायचा, कुलूप लावायचं आणि बावटा दाखवायचा, हे सांधेवाल्याचं काम. आणखी एक काम होतं, आणि माझ्या लहानपणी मला तेच सगळ्यात रुबाबाचं वाटायचं: चालत्या गाडीला गोळा देणं.

राहुरीच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर आमचं क्वार्टर होतं. मास्तरच्या खोलीत लाल रंगाचं एक जाड यंत्र असे, तसंच पुढच्या स्टेशनावर दुसरं. पुढच्या मास्तरने हो म्हटलं की आमच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर यायचा. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असल्याशिवाय पुढच्या तुकड्यात शिरायचं नाही, हा नियम. आणि एक गोळा बाहेर असला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, दुसरा निघतच नाही. म्हणजे एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आबा तो गोळा चामडी पिशवीत घालत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधत, आणि फलाटाच्या टोकाला हात खांद्याइतका वर धरून उभे राहत. न थांबणारी गाडी धडधडत यायची, इंजिनातला माणूस बाहेर झुकून कड्यात हात घालायचा आणि गोळा घेऊन गाडी पुढे. आबा तसूभरही हलत नसत. मी क्वार्टरच्या दारातून बघायचे आणि दर वेळी श्वास धरायचे.

त्या दुपारी आबांनी माझ्या डब्यातला कांदा उचलला. "हा गोळा. तू राहुरी, मी बेलापूर. कांदा तुज्याकडं हाय, तर तुजी गाडी निघंल. माजी न्हाई. तुजी गाडी आली, तिनं कांदा मला दिला. आता माजी निघंल. कळ्ळं? गोळा न्हाई, तर गाडी न्हाई. ह्या पेटीत गोळा कुठं हाय?"

पेटीत गोळा नव्हता. पण माल होता. मी कांद्याकडे बघत राहिले.

त्या खेळात नकाशा तयार करताना कुठल्याही स्टेशनावर हवा तो माल ठेवता यायचा, आणि गाडीला हुकूम देता यायचा की हा माल भरल्याशिवाय हलू नको. मी काय केलं, नगर-राहुरी तुकड्यासाठी बाजरीचं एकच पोतं ठेवलं. राहुरी-बेलापूरसाठी मोसंबीचं एक खोकं. बेलापूर-कोपरगावसाठी साखरेचं एक पोतं. प्रत्येक गाडीच्या यादीत लिहिलं: राहुरीला बाजरी उतरव, मोसंबी घे, मोसंबी मिळाल्याशिवाय निघू नको, बेलापूरला मोसंबी उतरव, साखर घे. पोतं एकच, म्हणून तुकड्यात गाडी एकच. बाजरी, मोसंबी आणि साखर हे आमचे तीन गोळे झाले.

कोणत्या गाडीने कुठून सुरुवात करायची ते बसवायला आणखी पंधरा दिवस गेले. आबा रोज डबा आणायचे आणि मास्तर होऊन बसायचे. माउसला हात लावा म्हटलं तर म्हणायचे, "माजा हात सांध्याचा. त्यानं उंदीर मरंल." पण बोटाने दाखवायचे, "ती बेलापूरची आत्ता सोडू नगं, तिला साखर मिळायची न्हाई." आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार हे त्यांनी मला त्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी कानावर हात ठेवले. पण एका दुपारी पाच गाड्या अडीच तास चालल्या, एकही अडकली नाही. वीज गेली तेव्हाच थांबल्या. आबा अंधारलेल्या पडद्याकडे बघून म्हणाले, "कंट्रोलनं लाइन घेतली." म्हणजे वरच्या कचेरीने लाइन बंद ठेवली, गाड्यांचा काही दोष नाही. एवढं बोलून ते डबा पिशवीत घालून निघाले. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच होती.

गॅदरिंगच्या सकाळी आम्ही जीपमध्ये मशीन घालून निघालो. मशीनला मी गोधडीत गुंडाळलं होतं. कोल्हारला चहाला थांबलो तर आबा जीपमधून उतरलेच नाहीत, मशीनवर हात ठेवून बसून राहिले. शाळेच्या सभागृहात मोठा टीव्ही जोडला, बाहेर जनरेटर लावला. पुढच्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, मधोमध तात्या, मागे दीडशे-दोनशे पोरं. आबा भिंतीजवळ उभे. सरांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

मी खेळ सुरू केला आणि हात वर केले. गाड्या निघाल्या. नगरहून बाजरी घेऊन एक, कोपरगावहून साखर घेऊन एक. राहुरीत दोघी एकमेकींना वाट देऊन गेल्या तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. आपल्या गावचं नाव पडद्यावर दिसलं की तिथली पोरं शिट्टी मारत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. मी चोरून तात्यांकडे पाहिलं. ते पुढे झुकून बसले होते. माणूस खेळात गुंतला हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना.

आणि तिथेच माझी चूक झाली.

तात्या म्हणाले, "बाई, लई चांगलं. पर आमच्या कारखान्याची गाडी कुठाय ह्यात? साखरेची एक स्पेशल सोडा की."

कोपरगावला कारखान्याच्या बाजूला एक आडरूळ मी शोभेसाठी टाकून ठेवला होता. सर माझ्या कानाशी लागले, "सोडा, सोडा." आमच्याकडे अध्यक्षांना नाही म्हणायची पद्धत नाही. तेवढ्यात कोपरगावहून एक गाडी साखर घेऊन बाहेर पडली होती, म्हणजे तिथल्या दोन रुळांपैकी एक रिकामा होता. मी ऐटीत एक स्पेशल तयार केली, आडरुळावरून आणली आणि त्या रिकाम्या रुळावर उभी केली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

दोन मिनिटांनी मला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोपरगावच्या एका रुळावर नेहमीची गाडी, दुसऱ्यावर तात्यांची स्पेशल, दोघी साखरेच्या पोत्यासाठी थांबलेल्या. पोतं कुठे? बेलापूरहून येणाऱ्या गाडीत. आणि ती गाडी कोपरगावच्या बाहेर सिग्नलला उभी, कारण आत यायला रूळच नाही. आतल्या निघत नाहीत कारण गोळा बाहेर आहे, बाहेरची येत नाही कारण आत जागा नाही. आणि फार वेळ उभी राहिली की ती बाहेरची गाडी साखर पोटात घेऊन उलटी फिरणार, आणि मग सगळी लाइन ठप्प होणार. मला फार तर तीन-चार मिनिटं होती.

पडद्यावर काहीच हलेना. बेलापूरच्या मागे मोसंबीवालीही थांबली. पोरं कुजबुजायला लागली. तात्यांनी विचारलं, "काय झालं?" सर म्हणाले, "जरा मशीन गरम झालंय." तीन वर्षं, पंधरा दुपारी, आणि कायम हा शब्द, सगळं त्या सिग्नलला उभं होतं. उपाय मला दिसत होता. तात्यांची स्पेशल आल्या वाटेने मागे, आडरुळावर घालायची. पण तात्यांची गाडी, त्यांच्याच शाळेत, सगळ्या गावासमोर मागे घ्या म्हणून सांगायचं कोणी?

"पोरी, स्पेशल मागं घे," भिंतीजवळून आबांचा आवाज आला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तात्या म्हणाले, "हे कोन?"

"माझे वडील," मी म्हणाले. "रेल्वेत सांधेवाले होते."

आबा दोन पावलं पुढे आले. पायांत चपला नव्हत्या, सवयीने बाहेर काढलेल्या. "मालक, राग मानू नगा. तिथला रूळ मोकळा दिसत हुता, पर तो मोकळा नव्हता. येनाऱ्या गाडीसाठी राखलेला हुता. गेलेली गाडी जागा सोडून जाती ती दुसरी यायला. तिथं आपली गाडी घुसली. आता साखर भाईर आन आपुन आत. साहेबाची गाडी असंल न्हाई तर मालगाडी असंल, गोळा न्हाई, तर गाडी न्हाई."

सर खाली बघू लागले. मला एक जुनी गोष्ट आठवली. मी लहान असताना एका मोठ्या अधिकाऱ्याची खास गाडी आमच्या स्टेशनात आली होती आणि पुढचं स्टेशन गोळा देत नव्हतं. अधिकारी डब्यातून उतरून आबांवर ओरडले, सांधा लाव म्हणाले. आबा सांध्याच्या दांड्याला पाठ लावून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी त्यांचं नाव लिहून नेलं. पुढे काही महिने घरात रोज टपालाची भीती असायची. शिक्षा आली नाही, तशी शाबासकीही आली नाही. आज भिंतीजवळ उभे होते ते तेच आबा, आणि या वेळी सांधा माझ्या हातात होता.

मी तात्यांना म्हणाले, "तात्या, हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पण स्पेशल तुम्ही मागितलीत, ती मागे घ्यायला मला हात लावावा लागेल."

तात्यांनी आबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "माजी गाडी मागं घेनार?"

"हो."

"मागं घेतल्यावर चालंल सगळं?"

"चालेल."

ते खुर्चीत मागे टेकले. "घ्या मागं. आमच्या घरात बी कवा कवा घ्यावी लागती."

पोरं हसली. मी स्पेशलची यादी खोडली, नवी लिहिली. ती लाल इंजिनाची गाडी उलटी सरकत आडरुळावर गेली. शेवटचा डबा सांध्यावरून पलीकडे गेला आणि त्याच क्षणी बाहेरचा सिग्नल हिरवा झाला. बेलापूरची गाडी साखर घेऊन दिमाखात कोपरगावात शिरली. पोतं उतरलं. समोरच्या गाडीने ते उचललं आणि निघाली. मग मोसंबीवाली हलली, मग बाजरीवाली. सगळी लाइन जणू झोपेतून उठली. सभागृहात असा गलका झाला की बाहेरचा जनरेटर ऐकू येईना.

स्पेशलचं काय, असं कुणी विचारायच्या आधीच आबा बोटाने दाखवत होते. त्यांच्या सांगण्यावरून मी कारखान्याशी दुसरा आडरूळ टाकला, एक नेहमीची गाडी त्यावर विश्रांतीला घातली आणि तिच्या जागी स्पेशल बाहेर काढली. एक आत, एक बाहेर, गाड्या तेवढ्याच. पुढच्या खेपेला साखर आली, ती स्पेशलने उचलली आणि तात्यांची गाडी नगरकडे निघाली. तास भरला तेव्हा ती राहुरी ओलांडत होती. मग मी पुन्हा हात वर केले. तात्या उठून टाळ्या वाजवायला लागले तशी पहिली रांग उठली, आणि पहिली रांग उठली तशी सगळी शाळा उठली. इतक्या टाळ्या मला नंतर कधी मिळाल्या नाहीत, निवृत्तीच्या समारंभालाही नाहीत.

नंतर चहापाण्याला तात्यांनी विचारलं, "ही पोत्याची अक्कल कोनाची?" सर चटकन म्हणाले, "आमच्या इन्स्टिट्यूटची." मी तिथेच उभी होते. आबा दारात चपला शोधत होते. मी एक शब्द बोलले नाही. नोकरी अजून कागदावर आली नव्हती, आणि सरांचं मन मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं. तात्यांच्या गाडीला मागे घ्यायचं धैर्य झालं आणि हे झालं नाही, याची मला अजून लाज वाटते. जीपमध्ये मी आबांना तसं म्हणाले तर ते म्हणाले, "अक्कल माजी बी न्हाई. नेमाची हाय. नेम काय माज्या बापानं केला व्हय?" पण आबा, पोती तुमच्या कांद्यातून आली होती. आज इतक्या वर्षांनी, तुम्ही नसताना, मी हे छापून सांगते आहे. उशीर झाला, पण गाडी आली.

त्या लाल यंत्रांची जागा आता बटणांच्या पाट्यांनी घेतली आहे. मी ज्या मशीनवर तो खेळ चालवला त्याचं काय झालं माहीत नाही. फ्लॉप्यांना बुरशी आली. पण शाळेत पुढे मी जेव्हा जेव्हा मुलांना शिकवलं की एकाच गोष्टीवर दोघांनी एकदम हात टाकला तर प्रोग्राम अडकतो, तेव्हा फळ्यावर बाजरी, मोसंबी आणि साखर काढली. माझ्या वर्गातली मुलं पुण्याला मोठ्या कंपन्यांत गेली, तिथे याला भारदस्त नावं आहेत म्हणे. एकाने पत्रात लिहिलं होतं, "मॅडम, इथले लोक आठवडाभर डोकं धरून बसले होते, मी म्हणालो साखर कुठे आहे ते बघा." ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

गॅदरिंगनंतर महिनाभर नोकरीचं काहीच कळलं नाही. दर दुपारी आबा डबा आणायचे. एका दुपारी ते वर आले नाहीत. खालून सायकलची घंटा वाजली. मी जिन्यात आले तर ते बंगल्याच्या फाटकाशी उभे होते, सायकल भिंतीला लावलेली. त्यांनी पाय रोवले होते, उजवा हात खांद्याइतका वर धरला होता, आणि त्या हातात संस्थेचा शिक्का असलेला लांब लिफाफा होता. फोडलेला नव्हता.

मला काय करायचं ते कळलं. मी जिन्यावरून धावत खाली आले, अंगण ओलांडलं आणि त्यांच्याजवळून जाताना न थांबता तो लिफाफा हातातून घेतला. आबा तसूभरही हलले नाहीत. माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज तेवढा आला.

"गोळा मिळाला. जा आता."